विमान उपसमिती

आमच्या इमारतीत कुठलंच वाक्य एका दमात पूर्ण होत नाही. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चार मजली सोसायटी आहे, आणि उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात, इतक्या खालून की त्यांच्या पोटावरचे तेलाचे डाग दिसतात. विमान आलं की बोलणारा गप्प होतो. ते गेलं की जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करतो. मधल्या वेळात दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, हा आमचा अलिखित नियम. भांडणातसुद्धा तो पाळला जातो. जिन्यात दोन बायकांची पाण्यावरून कचकच चाललेली असते, विमान येतं, दोघी कमरेवर हात ठेवून एकमेकींकडे बघत उभ्या राहतात, विमान जातं, आणि "तुझ्या बापाची टाकी" इथे अडलेला प्रश्न "आहे का?" म्हणून पुरा होतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. आम्हाला पाहुणे विचित्र वाटतात, विमानाच्या आवाजावर ओरडून बोलणारे.

माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर आले, आईकडे बघून त्यांनी तोंड उघडलं आणि विमान आलं. डॉक्टर आमच्याच गल्लीतले, त्यांना नियम ठाऊक. ते थांबले. आम्हीही थांबलो. विमान जाईपर्यंत वडील आमच्यापुरते जिवंत होते. ते विमान जरा हळू गेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पुढे आई विमानांना शिव्या देताना "शिरा पडो तुमच्या तोंडार" म्हणायची, पण त्या एका विमानाबद्दल ती कधी काही बोलली नाही.

मी एरोस्पेस इंजिनिअरिंगला गेले त्यामागे लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे काही नव्हतं. मी रागानं गेले. इतकी वर्षं जे आपलं बोलणं तोडतंय ते आहे तरी काय, हे एकदा बघून घ्यावं म्हणून. मार्क बरे पडले, पवईच्या बाजूच्या एका कॉलेजात नंबर लागला, आणि सोसायटीत पेढे वाटून झाल्यावर पहिला प्रश्न आला, "पण एअर होस्टेसला इंजिनिअरिंग कशाला लागतं गं?" दुसरा प्रश्न तिकिटात सूट मिळेल का, हा होता. कुणाच्या तरी भाच्याची फ्लाइट लेट झाली की तो भाचा मला फोन करून झापायचा. मीही त्याला उलट झापायची. आईनं मात्र दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगून ठेवलं होतं, "माझा चेडू विमान बनयता." तेव्हा मला साधं कागदाचं विमानही नीट करता येत नव्हतं.

आईचा विषय आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं तिच्या गुडघ्यांमुळे झालं. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला तिचे गुडघे पार गेले. चढणं एक वेळ जमायचं, उतरणं अजिबात नाही. ती हळूहळू वरच राहायला लागली. भाजी, दूध, औषधं, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायचं. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते मासळीचं. कोळीण खाली रस्त्यावर बसायची, आई वरून ओरडून काय हवं ते सांगायची, आणि टोपलीतून जे येईल ते गप मुकाट घ्यावं लागायचं. मालवणच्या बाईला कल्ला उघडून न बघता मासा घ्यायला लावणं म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. "टोपलेतलो मासो नि फोटोतलो नवरो," ती म्हणायची, "हातात येयपर्यंत कळाचे नाय." दर वेळी टोपली वर आली की ती सुरमई नाकाशी धरायची आणि एकच वाक्य म्हणायची, "लिफ्ट असती तर."

लिफ्ट यायची तर इमारत पाडून नवीन बांधायला हवी, असं सगळे धरून चालले होते. मुंबईत जुन्या इमारतीतली सगळी माणसं याच एका आशेवर म्हातारी होतात. बिल्डर येत, सरबत पीत, गच्चीवर जात. तिथे एक विमान डोक्यावरून गेलं की मान खाली घालून उतरत. विमानतळाच्या जवळ इमारत किती उंच बांधायची याला मर्यादा असते, आणि आमच्याकडे ती जुन्या इमारतीच्या फार वर जात नव्हती. वरचे मजले विकायला मिळणार नसतील तर बिल्डर तुमची इमारत कशाला बांधेल? त्याला काय आमच्या सुरमईची पडली होती?

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मात्र हार मान्य नव्हती. तळमजल्यावर राहणारे, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले हे काका. त्यांचा सगळ्या जगावर एकच इलाज होता, ठराव. डास वाढले, ठराव. कबुतरं वाढली, निषेधाचा ठराव. गच्चीवर त्यांनी स्वतः उभं राहून एक पत्र्याची शेड बांधून घेतली होती, लोखंडी खांबांवर, मध्ये उंच टोक काढलेली, आणि टोकावर झेंड्यासाठी एक दांडा. सभा त्याच शेडखाली व्हायच्या. मी दुसऱ्या वर्षाला असताना तिथे खास सभा बोलावली गेली. आई तेव्हा कठडा धरून वर येऊ शकत होती, तीही आली.

"आपल्या सोसायटीत विमानाची इंजिनिअर असताना," काका म्हणाले, "आपण विमानांपुढे हात टेकावेत हे शोभत नाही. तू सांग बेटा, विमानं जरा वरून नेता येतील का? थोडीच."

मी सांगितलं की विमान उतरताना हवेतल्या एका तिरक्या रस्त्यावरून येतं. त्या रस्त्याचं खालचं टोक धावपट्टीला टेकलेलं असतं, तो आपल्या मनासारखा उचलता येत नाही.

"मग धावपट्टी पुढे सरकवली तर?"

"काका, पुढे अंधेरी वगैरे सगळं आहे."

"असू दे की. त्यांना नाही का विमानं सोसायची? सगळी आम्हीच सोसायची?"

यावर टाळ्या पडल्या. मग कुणीतरी सम तारखांना विमानं आपल्यावरून आणि विषम तारखांना समुद्राकडून आणावीत असं सुचवलं. मी वाऱ्याची दिशा, समुद्रसपाटीपासूनची उंची वगैरे सांगायला लागले, तर काका म्हणाले, "समुद्र कुठाय इथे?" तेवढ्यात विमान आलं. सभा थांबली. माझ्या हाताची बोटं रनवेची दिशा दाखवत हवेत तशीच राहिली. विमान गेल्यावर मी पुढे बोलणार तोच मला उमगलं की सगळे माझ्याकडे नुसते बघत नाहीयेत, वाट बघतायत. त्यांना खरोखर वाटत होतं की हे माझ्या हातात आहे.

ठराव झाला. सोसायटीवरून जाणारी विमाने किंचित वरून नेण्यात यावीत. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर माझ्या आईनं हात वर केला. मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, तिनं बघितलंच नाही. पाठपुराव्यासाठी एक विमान उपसमिती नेमली गेली आणि तिची एकमेव सदस्य मी. त्यानंतर दर वार्षिक सभेत जमाखर्चानंतर आणि "इतर विषय"च्या आधी विमान उपसमितीचा अहवाल यायला लागला. मी उभी राहून सांगायची, "विमानं होती तिथेच आहेत." काका गंभीरपणे मान हलवायचे. "प्रयत्न चालू ठेवावेत," असं नोंदवलं जायचं.

कॉलेजात तोपर्यंत वेगळीच गंमत चालू होती. पहिली दोन वर्षं आम्हाला विमान दाखवलंच नाही. गणित होतं, हवा कशी वाहते ते होतं, लोखंड कसं वाकतं ते होतं. विमान बघायचं असेल तर मला घरी जावं लागे. तिसऱ्या वर्षी एक मोठ्ठा पत्र्याचा बोगदा दाखवला, त्यात पंख्यानं वारा सोडायचा आणि मध्ये विमानाचं छोटंसं मॉडेल लावून त्याच्यावर किती जोर येतो ते मोजायचं. मी घरी येऊन कौतुकानं सांगितलं. आई म्हणाली, "वारो खाऊक कॉलेजात कित्या जातास? त्यांका आमच्या गच्चीर येवा म्हण." खोटं कशाला बोलू, मला ते सगळं मनापासून आवडायला लागलं होतं. हवेसारखी डोळ्यांना न दिसणारी गोष्ट एवढं लोखंड उचलते, आणि का उचलते हे कागदावर लिहिता येतं, याचा मला अभिमान वाटायचा, जणू तो शोध माझाच.

मग नोकऱ्या द्यायला कंपन्या आल्या, आणि एरोस्पेस शिकून माणूस काय काय होतो ते कळलं. ग्रहाभोवतीची कक्षा काढण्यात पटाईत असलेला एक मित्र आता स्कूटरवरची कोथिंबीर दहिसर चेकनाक्याला किती वेळात पोचेल ते काढतो. दुसरा मंगल कार्यालयांसाठी अवाढव्य पंखे बनवतो. तो सांगतो की पात्यांचा आकार अगदी विमानाच्या पंखासारखाच आहे, फक्त ती जेवणावळ सोडून कुठे जात नाहीत. बरेच जण कॉम्प्युटरवर गेले, काही परदेशी. एकाला ड्रोनच्या कंपनीत घेतलं, तो शेतावर फवारणी करत हिंडतो आणि काळाठिक्कर पडून सुखात आहे. एक मुलगी मात्र खरोखरच रॉकेट बनवणाऱ्या कंपनीत लागली. तिच्या घरच्यांना बिचाऱ्यांना अजून वाटतं, ही थापा मारते, हिला कुठे नोकरीच लागली नाही.

माझी पहिली मुलाखत अंधेरीला, काचेच्या एका बंद इमारतीत होती. मी छान बोलत होते. बोलता बोलता खिडकीबाहेर विमान दिसलं आणि मी गप्प झाले. त्या काचेतून आवाजाचा थेंबही आत येत नव्हता, पण तोंड आपोआप मिटलं, त्याला मी काय करू? समोरचे तिघं वाट बघत होते. एकीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. विमान दिसेनासं झाल्यावर मी "म्हणूनच" च्या पुढून व्यवस्थित सुरू केलं, पण तोवर त्यांनी आपापसात काहीतरी ठरवलं होतं. जाताना एकानं मला हळूच विचारलं, घरी कुणाला असा त्रास आहे का. मी म्हटलं, सगळ्या इमारतीला आहे.

अशा दोनतीन मुलाखती गेल्यावर मी रडकुंडीला आले होते. मग अंधेरीतच, पण एका जुन्या बिल्डिंगमधल्या उघड्या खिडक्यांच्या ऑफिसात गेले. समोर एक वयस्कर साहेब. त्यांनी विचारलं, "तुम्हाला विमानं सोडून या कामात" आणि विमान आलं. मी थांबले. तेही थांबले. दोघं टेबलावर हात ठेवून शांतपणे बसून राहिलो. विमान गेल्यावर ते म्हणाले, "का यावंसं वाटतं?" मला त्यांची गळाभेट घ्यावीशी वाटली. पुढच्या आठवड्यात मी तिथे कामाला लागले.

काम असं, की विमानतळाच्या आसपास कुणाला काही बांधायचं असेल तर ते विमानांच्या वाटेत येतं का, हे मोजून सांगायचं. परवानगी देणारे वेगळे, आम्ही नुसते मोजणारे. इमारती, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, देवळांचे कळस. एकदा एक नारळाचं झाड. मी विमानं वर न्यायला शिकले होते आणि आता लोकांच्या टाक्या खाली बसवत होते.

सोसायटीला वाटलं, उपसमितीनं बाजी मारली. काका पेढे घेऊन वर आले, चार मजले चढून, धापा टाकत. "आता आपलीच माणसं बसली आहेत तिथे," ते म्हणाले. मी त्यांना परोपरीनं समजावलं की मी विमानं हलवू शकत नाही, कालही नव्हते, उद्याही नाही. इमारत पाडून उंच टॉवर बांधायचा नाद सोडा. ते ऐकेचनात. तेव्हा आई कॉटवरून म्हणाली, "भावजी, माका तुमचो टॉवर नको. लिफ्ट तेवढी व्हयी. मासे बघूक जावचा आसा माका."

इतक्या वर्षांत टॉवरशिवाय लिफ्ट असा विचार एकाही शहाण्याला सुचला नव्हता, मलाही नाही. जुन्या इमारतीला मागच्या अंगानं बाहेरून लिफ्ट लावता येते. चौकशी केली, वरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी वर्गणी मान्य केली. स्वतःच्या इमारतीचं काम स्वतः करायचं नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम, म्हणून साहेब उंची मोजायचं यंत्र घेऊन आले. आईच्या हातची सोलकढी प्याले, गच्चीवर गेले आणि जरा वेळानं तोंड पाडून खाली आले. लिफ्टचं डोकं मर्यादेच्या आत बसत होतं. पाण्याची टाकीही बसत होती. पण काकांच्या शेडचं टोक आणि त्यावरचा दांडा विमानांच्या वाटेत घुसला होता. आधी शेड काढा, मग लिफ्टचा अर्ज करा, दुसरा मार्ग नाही.

म्हणजे इतकी वर्षं ज्या शेडखाली बसून आम्ही विमानांना वर सरका म्हणत होतो, तीच त्यांच्या वाटेत आडवी उभी होती. मी जिन्यात बसून एकटीच हसले, आणि मग मला धडकी भरली. शेड काकांचा जीव की प्राण होती. सकाळचा व्यायाम, संध्याकाळचा कॅरम, पत्र्यावर रंगवलेलं स्वतःचं नाव. त्यात ते तळमजल्यावर राहणारे, त्यांना लिफ्टचा उपयोग शून्य. आणि सोसायटीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

सभा शेडखालीच बोलवावी लागली, दुसरी जागाच नव्हती. मी अहवाल वाचला, पहिल्यांदाच एका वाक्याहून लांब. काकांचा चेहरा लाल होत गेला. ते उठून उभे राहिले. "ही शेड मी उन्हातान्हात उभं राहून बांधली," ते म्हणाले. "विमानं काल आली आणि आज शेड नडते? अध्यक्ष या नात्यानं मी स्पष्ट सांगतो, की मी जिवंत असेपर्यंत ही शेड"

विमान आलं.

सगळे थांबले. काका हात उगारलेले, तोंड अर्धवट उघडं. त्यांचं तोंड गच्चीच्या दाराकडे होतं, म्हणून मीही मागे वळून बघितलं. आई वर येत होती. आता तिला कठडा धरूनही जमत नव्हतं, त्यामुळे ती जिन्याकडे पाठ करून बसली होती आणि दोन्ही हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे, वर, सरकत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. पदर कमरेला खोचलेला. शेवटच्या पायरीवर आल्यावर ती उंबऱ्यावर टेकली, तशीच वळली आणि सगळे बघतायत हे दिसल्यावर तिनं पदर नीट केला. मला रडू आलं, आणि रडण्याचा आवाज विमानात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी रडून घेतलं.

विमान गेलं. नियमाप्रमाणे आता काकांनी "शेड" च्या पुढून सुरू करायचं होतं. आम्ही वाट बघत होतो. मी आमच्या इमारतीत जन्मले, वाढले, पण कुणी तोडलेलं वाक्य तसंच टाकून दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. काकांनी हात खाली केला. खुर्ची उचलली, आईच्या शेजारी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, इथे बसा." मग आमच्याकडे वळून, जरा चिडूनच, "पत्रे कुठे ठेवायचे ते बघा कुणीतरी. माझ्या दारात नकोत."

पुढे कागदपत्रं, परवानग्या, लोखंड, मिस्त्री, सगळं होता होता बराच काळ गेला. काकांनी कॅरम जिन्याखाली हलवला आणि लिफ्टच्या कामावर स्वतःच देखरेख करायला लागले. वार्षिक सभा आता उघड्या गच्चीवर झाली. मी उभी राहिले आणि सांगितलं की विमानं होती तिथेच आहेत, उपसमिती बरखास्त करावी. काकांनी ठराव मांडला. अनुमोदन आईनंच दिलं.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी आईनं ठेवणीतली साडी नेसली आणि हातात मासळीची पिशवी घेतली. लिफ्टमध्ये ती माझा दंड घट्ट धरून उभी होती. खाली दार उघडलं तर समोर काका, हातात हार. आईनं हार घेतला, पिशवीत टाकला आणि तडक रस्त्यावर कोळणीपुढे जाऊन बसली. सुरमई उचलली, कल्ला उघडून बघितला आणि परत टाकली. दुसरी उचलली. इतक्या वर्षांची टोपलीची उधारी ती एका बैठकीत वसूल करत होती. कोळीण तिला फक्त आवाजानं ओळखत होती, ती चेहरा निरखून बघत हसली.

"ताई, तुमीच होय वरच्या? आन् ही पोरगी तुमची? काय करते ही?"

मी मनात म्हटलं, आता आई विमान बनयता म्हणणार, आणि मला सगळं पहिल्यापासून समजावत बसावं लागणार.

"ता?" आई कल्ल्यात बोट घालून म्हणाली. "ता माणसांक"

विमान आलं. आई थांबली, कोळीण कोयता वर धरून थांबली, दारात काका थांबले. आईनं मान वर करून ते पूर्ण जाईपर्यंत बघितलं. रस्त्यावरून ते जरा उंच दिसत होतं.

"खाली उतरयता," ती म्हणाली, आणि हातातली सुरमई कोळणीपुढे ठेवून, ही काप, अशी खूण केली.